धाकटीचा पट्टा

९ जानेवारी

अक्का,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही हे पत्र उघडलंत, याबद्दल आधी आभार मानतो. दवाखान्याच्या जिन्यात आपलं बोलणं झालं, त्यानंतर तुम्ही आमच्याकडे आला नाहीत आणि मीही बोलावलं नाही. ‘माझी बहीण तुमच्या घरात कधी मोकळी हसली नाही, म्हणून हे दुखणं अंगावर आलं,’ असं तुम्ही म्हणालात. मी नंतर डॉक्टरांना विचारलं. न हसल्यामुळे छातीत गाठ होत नाही, असं ते म्हणाले. म्हणजे तुमच्या वाक्याचा एक भाग खोटा ठरला. उरलेल्या भागासाठी हे पत्र लिहितोय.

आधी तब्येत सांगतो. तुमची धाकटी बरी आहे. औषधं संपली, केस परत आले, तेही कुरळे. आरशासमोर उभी राहून म्हणते, ‘ही कोण बाई?’ तपासण्या स्वच्छ आल्या. आता या दुखण्यातून उठलेल्या बायकांसाठी दवाखान्याच्या केंद्राने सकाळचा व्यायाम सुरू केलाय, टपाल कचेरीमागच्या हॉलमध्ये. तिथे प्रत्येकीला मनगटावर बांधायला एक पट्टा दिलाय. घड्याळासारखा दिसतो, पण वेळ सांगत नाही. नाडी मोजतो, त्वचेचा घाम मोजतो, आणि व्यायाम चालू असताना मध्येच थरथरून विचारतो, कसं वाटतंय? मग त्यावरच्या चेहऱ्यांपैकी एक दाबायचा. या सगळ्याचा मिळून एक रंग होतो. हिरवा म्हणजे मन प्रसन्न, पिवळा म्हणजे ठीक, निळा म्हणजे उदास, लाल म्हणजे घाबरलेलं. आमच्या गावच्या शाळेतले गुरुजी असेच चेहरा बघून ओळखायचे, पाठांतर झालंय की नाही. निम्म्या वेळा चुकायचे, मार मात्र पूर्ण बसायचा.

घरातल्या एका माणसाच्या मोबाइलवर हा रंग दिसतो. त्या माणसाला ‘सोबती’ म्हणतात. त्याने धीर द्यावा, अशी कल्पना आहे. धाकटीचा सोबती मी आहे. मी काही मागून घेतलं नाही. केंद्रातल्या मुलीने ‘कुणाचं नाव घालू?’ विचारलं आणि धाकटी काही बोलायच्या आत मी ‘माझं घाला’ म्हणालो, इतकंच.

सुरुवातीला सगळं पिवळं-निळं यायचं. मी दुकानात किल्ल्या घासता घासता बघायचो. एकदा मध्येच लाल आला. संध्याकाळी चहा घेताना मी तिला सहज विचारलं, ‘आज हात वर करायच्या वेळी घाबरलीस का?’

तिने बशी खाली ठेवली. ‘कोण म्हणालं?’

‘मोबाइल.’

‘मग का घाबरले तेही त्यालाच विचारा.’

त्यानंतर थोड्याच दिवसांत हिरवा यायला लागला. रोज नाही, पण येतो, आणि आला की अगदी लख्ख येतो. घरी मात्र ती होती तशीच आहे. कमी बोलते, खिडकीशी बसते. मग हॉलमध्ये असं काय आहे जे घरात नाही?

तुमचं घर तिथून जवळ आहे, हे माझ्या लक्षात आहे. अक्का, तुम्ही तिला तिथे भेटता का? भेटत असलात तर माझी काही हरकत नाही. फक्त मला कळवा. हरकत आहे की नाही ते मी तेव्हा बघेन.

उत्तर घराच्या पत्त्यावर नको, दुकानाच्या पत्त्यावर पाठवा.

तुमचा मेहुणा


२२ जानेवारी

अक्का,

तुमचं कार्ड मिळालं. ‘मी तिला भेटत नाही. भेटायला गेले तर पुढच्या दाराने येईन.’ दोनच वाक्यं. तुम्ही खोटं बोलत नाही हे मला ठाऊक आहे. पण माणूस खोटं न बोलताही बरंच झाकून ठेवतो, हेही ठाऊक आहे. तेव्हा तुमच्यावर माझा विश्वास आहे, असं समजा.

आता तुम्ही नाही, तर कोण?

मी रंगांवर लक्ष ठेवून आहे. रविवारी भाजीत मीठ जास्त झालं असं मी म्हणालो, सोमवारी निळा. मंगळवारी तिला न सांगता मी पडदे धुवायला टाकले, बुधवारी हिरवा. मी म्हटलं, सापडलं! पुन्हा पडदे काढले. गुरुवारी लाल. तीही म्हणाली, ‘चांगले वाळलेले पडदे पुन्हा कशाला भिजवताय? डोकं ठिकाणावर आहे ना?’ आता मी जेवताना काही बोलत नाही. मीठ कमी असो, जास्त असो, मुकाट गिळतो. तरी रंग बदलायचे ते बदलतातच.

तिथे व्यायाम शिकवायला एक तरुण येतो. उंच आहे, दात पांढरेशुभ्र आहेत, बायकांना ‘शाब्बास, वाघिणींनो’ असं म्हणतो म्हणे. त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्याचं लग्न झालंय का, एवढंच मी केंद्रातल्या मुलीला फोन करून विचारलं. तिला वाटलं मी स्थळ सुचवतोय. ‘काका, मुलगी काय शिकलीय?’ म्हणाली. मी फोन ठेवला.

माझ्या धंद्याचा एक नियम आहे. कपाटाचा मालक समोर उभा असल्याशिवाय मी कुलूप उघडत नाही. कितीतरी जण येतात. कुणाला बायकोचा डबा उघडून हवा असतो, कुणाला भावाची पेटी. मी सगळ्यांना एकच सांगतो, ‘ज्याचं आहे त्याला घेऊन या.’ परवा मोबाइलकडे बघताना हे मनात आलं. मग मी स्वतःला सांगितलं, की ती काय परकी आहे? आणि काळजीने बघणं वेगळं, डोकावणं वेगळं. पटलं. अर्धा दिवस पटलं.

खरं सांगायचं तर नामस्मरणाला बसतो तेव्हाही मोबाइल मांडीवर असतो. माळ पुढे सरकते आणि नजर खाली जाते. देव समोर आहे, त्याला हे दिसतंय, हे मला कळतं. पण तो कुणाला सांगणार नाही.

सोमवारी मी हॉलवर जाऊन बघणार आहे. तिला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. म्हणजे तुम्ही बोलतच नाही म्हणा.

तुमचा मेहुणा


२७ जानेवारी

अक्का,

जाऊन आलो.

कुणी हटकलं तर ‘दाराचं कुलूप अडकतं असं कळलं म्हणून आलो’ असं सांगायचं ठरवलं होतं. ते कुलूप मीच बसवलेलं आहे आणि उत्तम चालतं. पण कुणी हटकलंच नाही. मागच्या बाजूला एका खिडकीची काच फुटली आहे, तिथे पुठ्ठा लावलाय. पुठ्ठ्याची कड वाकली होती. मी वाकवली नाही. जरा जास्त वाकवली, असं म्हणा.

आत सगळ्या बायका गोल उभ्या होत्या. मधे एक जाडजूड बाई कापडी पिशवी घेऊन उभी. तिला सगळ्या ‘शिवणवाल्या बाई’ म्हणतात, कपडे शिवते, एकटी राहते, धाकटीच्या बोलण्यात तिचं नाव येतं. प्रत्येकीने आपल्या मनगटावरचा पट्टा सोडला आणि पिशवीत टाकला. शिवणवाल्या बाईंनी पिशवी चांगली हलवली, आणि मग एकेक जण डोळे मिटून हात घालू लागली. जो येईल तो पट्टा बांधायचा. ‘मला कुणाचा आला?’ ‘बाई गं, मी आज हेडबाई!’ असा गलका. हेडबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. त्यांनी हात घालून एक पट्टा काढला, आतलं नाव वाचलं आणि माझ्या बायकोकडे बघून म्हणाल्या, ‘आज मी तू. तुझ्या नवऱ्याला काय कळवू, सांग पटकन. हसू की रडू?’

आणि धाकटी हसली. अक्का, कमरेवर हात ठेवून, मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून हसली. मी खिशातला मोबाइल काढला. व्यायाम सुरू झाला तसा रंग आला. निळा. समोर माझी बायको हसून हसून डोळे पुसत होती आणि माझ्या हातात ती उदास होती.

तो हेडबाईंचा निळा होता. मी इतके दिवस कुणाकुणाचे रंग घरी नेत होतो? कुणाच्या निळ्यासाठी मी बेचव भाजी मुकाट खाल्ली? कुणाच्या हिरव्यासाठी पडदे धुतले?

तो उंच तरुण पट्ट्यांची अदलाबदल झाल्यावरच आला होता. त्याला यातलं काही माहीत नसावं. केंद्रातली मुलगी व्यायाम संपताना येते, तोवर सगळ्यांनी आपापले पट्टे परत बांधलेले असतात. बायकांचा बंदोबस्त चोख आहे.

मी दुकानात आलो आणि नुसता बसून राहिलो. आधी वाटायचं, ती माझ्यापासून काहीतरी लपवते. आता कळलं, की ती सगळंच लपवते आणि त्यासाठी तिने एवढी माणसं जमवली आहेत. नवऱ्याला फसवण्यात एवढा आनंद? तुम्ही तिच्या थोरल्या. लहानपणीही ती अशीच होती का?

मी तिला काही बोललो नाही. रात्री जेवताना तिने विचारलं, ‘आज मीठ कसं झालंय?’ मी म्हटलं, ‘छान.’ ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. तिला कळलं असेल का?

तुमचा मेहुणा


८ फेब्रुवारी

अक्का,

मागच्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही. ते बरंच झालं, कारण मधे जे झालं त्यापुढे ते पत्र मलाच परत घ्यावंसं वाटतंय.

परवा दुपारी केंद्रातल्या मुलीचा फोन आला. म्हणाली, ‘काका, सगळ्या सोबत्यांना कळवतेय. पुढच्या आठवड्यात पट्टे परत पाठवणार आहोत. त्यांच्यात बिघाड आहे.’

‘कसला बिघाड?’

‘नाडीचे ठोके मधेच वेडेवाकडे दाखवतात. पण एकाच पट्ट्यावर नाही. एक दिवस एकीच्या, दुसऱ्या दिवशी दुसरीच्या. एक दिवस काकूंच्याही होते, मी घाबरलेच. मग त्यांचे बाकीचे दिवस बघितले, तर अगदी व्यवस्थित. खरा आजार असा घर बदलत फिरतो का? बनवणारेही म्हणाले, यंत्राचीच चूक. तोवर ती नोंद धरू नका.’

मी ‘बरं’ म्हणालो आणि फोन ठेवला. हातात अर्धी घासलेली किल्ली होती. ती पुरी करताना माझ्या डोक्यात उजेड पडला.

यंत्र चुकत नव्हतं. कुणातरी एकीचं हृदय बिघडलेलं होतं आणि ते रोज वेगळ्या बाईच्या नावाने केंद्रात जात होतं. पिशवीबद्दल ठाऊक असलेल्या बायकांना बिघाडाबद्दल ठाऊक नव्हतं. केंद्राला बिघाड ठाऊक होता, पिशवी नाही. दोन्ही ठाऊक असलेला एकटा मी, आणि तेही चोरून बघितलं म्हणून.

अक्का, गप्प राहता आलं असतं. बोललो तर धाकटीला कळणार, की मी पुठ्ठा वाकवून बघत होतो. कदाचित केंद्र तिला काढूनही टाकेल, आणि जिथे ती हसते ती एकमेव जागा माझ्यामुळे जाईल. मी डोळे मिटून देवाला विचारलं. तो काही बोलला नाही. ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याला तो पुन्हा कशाला सांगेल? मी दुकानाचं दार ओढलं आणि भर दुपारी घरी गेलो.

ती खिडकीशी होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. आधी रंग बघून पडदे धुतल्याचं, मग फोनचं, मग पिशवीचं.

‘पिशवी तुम्हाला कशी ठाऊक?’

‘बघितली.’

‘कुठून?’

‘मागच्या खिडकीतून.’

ती उठली. मला वाटलं आता भांडं येईल अंगावर. ती म्हणाली, ‘भांडण नंतर. ते कुठे जात नाही. आधी मला आठवू दे.’ मग बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं करून थांबली. ‘कोणी कधी कुणाचा बांधला हे कोण लक्षात ठेवतं? ती तर गंमत होती. पण मधेच पायरीवर जाऊन बसते अशी एकच आहे. विचारलं की म्हणते, तुम्ही चालू द्या, मी ताल धरते.’ आणि पायात चपला घालू लागली.

‘उद्या सकाळी हॉलमध्ये विचारलं तर?’ मी म्हणालो.

‘तुम्ही चुकीच्या माणसांसाठी पडदे धुवायला वेळ काढलात. आता बरोबर माणसासाठी चला.’

शिवणवाल्या बाईंनी दार उघडलं तेव्हा गळ्यात मापाची टेप होती आणि दोन पावलं चालून आल्याने धाप लागली होती. ‘या, या. जोडीने? ब्लाउज की शर्ट?’ धाकटीने सांगायला सुरुवात केली, तर त्या म्हणाल्या, ‘अगं, मशीन मारून मारून छाती भरते. एकदा मरणाच्या दारातून परत आले, पुन्हा कोण बोलावतंय मला?’

‘बोलावत नसेल तर डॉक्टर तसं सांगतील. चला.’

‘कापड कापून ठेवलंय गं.’

‘ते कुठे पळतंय?’

मी त्यांच्या दाराला कुलूप लावलं आणि आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी त्यांना त्याच संध्याकाळी ठेवून घेतलं. गाठीवरच्या औषधाने त्यांचं हृदय दमलं होतं. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं म्हणाले.

परत येताना धाकटी बसमध्ये माझ्या शेजारी बसली नाही. पुढच्या बाकावर बसली.

तुमचा मेहुणा


२ मार्च

अक्का,

शिवणवाल्या बाई घरी आल्या आहेत. गोळ्या चालू आहेत, मशीन तूर्त बंद. ‘झाकून ठेवलेल्या मशीनकडे बघितलं की जास्त धडधडतं,’ अशी त्यांची तक्रार आहे.

दुसऱ्या दिवशी बायकांनी केंद्रातल्या मुलीला सगळं सांगितलं. ती आधी रडली. इतक्या दिवसांच्या नोंदी फुकट गेल्या. मग तिचे मोठे डॉक्टर आले, खूप रागावले, आणि शेवटी त्यांनी विचारलं, ‘पण का?’ हेडबाई म्हणाल्या, ‘साहेब, आमचं दुखणं सगळ्यांनी बघितलं. छाती बघितली, टाके बघितले, पडलेले केस बघितले. मन एवढं राहिलं होतं. तेही सुनेच्या मोबाइलवर.’ आता पट्टे राहतील, पण रंग घरी जाणार नाहीत, असं सध्या तरी ठरलंय. व्यायाम चालू आहे. धाकटी जाते.

माझ्याशी ती आठवडाभर कामापुरतं बोलली. मग एका संध्याकाळी आपणहून म्हणाली, ‘पिशवी बघून तुम्हाला राग का आला नाही?’

‘आला होता. त्याच्यापेक्षा भीती जास्त होती.’

‘कशाची?’

मी तेव्हा तिला तुमचं जिन्यातलं वाक्य सांगितलं. ते तिला ठाऊकच नव्हतं. आणि तुमचं कार्डही दाखवलं. ते ती बराच वेळ हातात धरून बसली. मग मी विचारलं. असं सरळ विचारायला मला किती कष्ट पडले ते तुम्हाला कळणार नाही. म्हटलं, ‘या घरात तू सुखी नाहीस का?’

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. माझा सदरा तिने घडी केला, मोडला, पुन्हा केला.

‘हे तुम्ही मला पहिल्यांदा विचारताय.’

‘मग सांग.’

‘लगेच कसं सांगू? मोबाइल आहे का मी? मला शोधावं लागेल.’

‘मी मदत करू का?’

‘नको,’ ती म्हणाली. ‘तुम्ही बाजूला व्हा. तीच मदत.’

त्याला आता बरेच दिवस झाले. ती शोधतेय असं मला वाटतं. कधी आपणहून म्हणते, ‘आज कंटाळा आलाय.’ कधी म्हणते, ‘आज काही नाही.’ मी ‘बरं’ म्हणतो. ‘का?’ हा शब्द जिभेवर येतो आणि मी तो गिळतो. आधी मीठ गिळत होतो, त्यापेक्षा हे अवघड आहे.

काल ती म्हणाली, ‘अक्काला बोलवा. पण ती येईल तेव्हा तुम्ही घरात नको.’

मला झोप आली नाही. दोघी बसणार, दार लावून घेणार, आणि काय बोलणार? माझ्याबद्दलच बोलणार, दुसरा विषय कुठला? तुम्ही म्हणणार, मी तेव्हाच सांगितलं होतं. ती काय म्हणेल ते मला कुठूनही कळणार नाही. पहाटे उठून नाम घेतलं. मोबाइल स्वयंपाकघरात ठेवून आलो होतो. मन तरी तिकडे गेलंच, पण परतही आलं.

येत्या रविवारी या. मी सकाळीच दुकानात जाईन आणि अंधार पडल्याशिवाय घरी येणार नाही. पुढच्या दाराने या, तुम्ही म्हणाला होतात तशाच.

दोघी काय बोललात ते मला सांगू नका. मी विचारीन, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. विचारलं तरी सांगू नका.

तुमचा मेहुणा